चाचेगिरी, परवाना आणि सार्वभौमत्व : ‘पायरेट्स!’ हा व्हिडिओ गेम व आंग्रे आरमाराचा इतिहास
(परभणी जिल्ह्यातील इतिहास-अध्यापनाच्या विशेष संदर्भात)

सारांश

१९८७ साली प्रकाशित झालेला ‘सिड मायर्स पायरेट्स!’ हा संगणकीय खेळ सतराव्या शतकातील कॅरिबियन समुद्रावरील चाचेगिरीवर आधारलेला आहे. १९९१ मध्ये तो निन्टेन्डोच्या आठ-बिटी गेम-यंत्रावरही आला. जुन्या यंत्रांवरील खेळांविषयीच्या नव्या आस्थेमुळे तो आजही खेळला जातो. या खेळात कोणाला ‘चाचा’ म्हणावयाचे हे कृतीवरून ठरत नाही. ते खेळाडूजवळच्या राजपरवान्यावरून ठरते. प्रस्तुत निबंधात या नियमाच्या आधारे आंग्रे आरमाराच्या इतिहासाचा पुनर्विचार केला असून, मराठवाड्याच्या इतिहासातील तत्सम उदाहरणांशी त्याची सांगड घातली आहे.

बीजशब्द : चाचेगिरी, राजपरवाना, दस्तक, कान्होजी आंग्रे, तुळाजी आंग्रे, व्हिडिओ गेम, इतिहास-अध्यापन.

प्रस्तावना

परभणी जिल्हा अरबी समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला आहे. येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांना समुद्राचा प्रत्यक्ष परिचय महाविद्यालयीन वयापर्यंत झालेला नसतो. त्यामुळे मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास त्यांच्यापर्यंत किल्ल्यांची व लढायांची यादी या स्वरूपातच पोहोचतो. ‘चाचा’ ही प्रतिमा मात्र त्यांना चांगली परिचित असते. ती चित्रपटांतून आणि व्हिडिओ गेममधून आलेली असते.

१९९० च्या दशकात भारतातील लहान शहरांतही दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची गेम-यंत्रे येऊ लागली. त्यांतील बहुतेक यंत्रे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. एकाच कॅसेटमध्ये अनेक खेळ भरून विकले जात. या नकली कॅसेटनाही ‘पायरेटेड’ म्हणत. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने, बेकायदा नक्कल असल्याचे माहीत असूनही संगणक-प्रणाली वापरणे हा गुन्हा ठरविण्यात आला. समुद्रावरील लुटीसाठी योजलेला शब्द नकलेच्या व्यवहारालाही लावला गेला. हा शब्द कोण, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने लावतो, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. ‘पायरेट्स!’ या खेळातील परवान्याच्या नियमाचे ऐतिहासिक विश्लेषण करणे.
२. आंग्रे आरमाराला लावण्यात आलेल्या ‘चाचे’ या संज्ञेची चिकित्सा करणे.
३. मराठवाड्यातील अशाच स्वरूपाच्या नामकरणाची उदाहरणे तपासणे.
४. पदवी स्तरावरील इतिहास-अध्यापनात अशा खेळाच्या उपयोगाची दिशा सुचविणे.

अभ्यासपद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. खेळाची रचना हे एक प्रकारचे इतिहासकथन आहे असे मानून तिचे वाचन केले आहे. त्या रचनेत कोणाला स्थान आहे व कोणाला नाही, हे पाहिले आहे.

खेळाची रचना

सिड मायर यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील मायक्रोप्रोज कंपनीने प्रथम कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी काढला. १९९१ ची निन्टेन्डो आवृत्ती इंग्लंडमधील रेअर या संस्थेने तयार केली. १९९३ मध्ये ‘पायरेट्स! गोल्ड’ ही सुधारित आवृत्ती व २००४ मध्ये संपूर्ण नवी आवृत्ती निघाली. मूळ खेळात १५६० पासून १६८० पर्यंतचे सहा कालखंड आहेत. खेळाडू त्यांतील एक कालखंड आणि इंग्लिश, फ्रेंच, डच व स्पॅनिश यांपैकी एक राष्ट्रीयत्व निवडतो. त्यानंतर जहाज हाकणे, तोफांची लढाई, तलवारीचे द्वंद्व, बंदरांतील व्यापार आणि दुपारच्या सूर्यावरून अक्षांश काढणे अशी कामे त्याला करावी लागतात.

या सर्वांहून महत्त्वाची जागा बंदरातील गव्हर्नरच्या भेटीला आहे. गव्हर्नर खेळाडूला शत्रुराष्ट्राची जहाजे पकडण्याचा परवाना देतो. परवाना हाती असताना स्पॅनिश जहाज लुटले, तर इंग्लिश दरबारी पदोन्नती मिळते व जमीन इनाम मिळते. मधल्या काळात दोन राष्ट्रांत तह झाला, तर तीच लूट गुन्हा ठरते. पुढे एखादे राष्ट्र माफीही देते. लूट करण्याची पद्धत, तोफा आणि माणसे तीच असतात. तिचा अर्थ मात्र दूरच्या राजधानीतील निर्णयाने बदलतो.

परवान्याचा नियम आणि युरोपचा इतिहास

खेळातील हा नियम काल्पनिक नाही. खेळात समाविष्ट असलेल्या ऐतिहासिक मोहिमांमध्ये फ्रान्सिस ड्रेक, पीट हाइन व हेन्री मॉर्गन यांच्या मोहिमा आहेत. ड्रेकने १५७३ मध्ये पनामाच्या परिसरात स्पॅनिश चांदीचा तांडा लुटला आणि १५८१ मध्ये त्यास इंग्लंडच्या राणीने ‘सर’ ही पदवी दिली. पीट हाइनने १६२८ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीसाठी स्पेनचा खजिन्याचा ताफा पकडला व तो हॉलंडचा राष्ट्रीय वीर ठरला. मॉर्गनचे उदाहरण अधिक बोलके आहे. इंग्लंड व स्पेन यांच्यात १६७० मध्ये माद्रिदचा तह झाला असताना त्याने जानेवारी १६७१ मध्ये पनामा शहर लुटले. त्याला अटक करून इंग्लंडला नेण्यात आले. परंतु १६७४ मध्ये त्याच मॉर्गनला ‘सर’ ही पदवी देऊन जमैकाचा उपगव्हर्नर नेमण्यात आले. स्पेनच्या दृष्टीने हे तिघेही निव्वळ चाचे होते.

हिंदी महासागरातील पडताळा

हा प्रश्न हिंदी महासागरात कसा उभा राहिला, हे दोन घटनांतून स्पष्ट होते. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेब बादशहाचे जहाज लुटले. बादशहा त्या वेळी दक्षिणेतच होता. आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी हे त्या काळी मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील सरकारचे ठाणे होते. म्हणजे समुद्रापासून दूर असलेला हा प्रदेशही ज्या साम्राज्याचे जहाज लुटले गेले त्याचाच भाग होता. मोगल अधिकाऱ्यांनी सुरतेतील इंग्रज वखारवाल्यांना कैद केले. चाचा आणि कंपनीचा व्यापारी हे दोघेही इंग्रजच, म्हणून जबाबदारीही एकच, अशी मोगलांची भूमिका होती. एव्हरी हा आपला नव्हे, हे सिद्ध करण्याची पाळी इंग्रजांवर आली.

दुसरी घटना कॅप्टन विल्यम किड याची आहे. चाच्यांना व फ्रेंच जहाजांना पकडण्याचा अधिकृत परवाना घेऊन तो हिंदी महासागरात आला होता. जानेवारी १६९८ मध्ये त्याने ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज पकडले. त्या जहाजाजवळ फ्रेंचांचा पास होता, म्हणून आपली कृती परवान्यात बसते, असा त्याचा बचाव होता. खटल्याच्या वेळी ते पास न्यायालयासमोर आलेच नाहीत. २३ मे १७०१ रोजी लंडन येथे किडला फाशी देण्यात आली. पुढे विसाव्या शतकात हे पास लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. समोर न आलेल्या कागदामुळे परवानाधारी कप्तान चाचा ठरू शकत होता, हे या खटल्यातून दिसते.

कान्होजी आंग्रे आणि दस्तकाचा वाद

या पार्श्वभूमीवर कान्होजी आंग्रे यांच्या विरोधातील आरोप तपासले पाहिजेत. कान्होजींचा काळ सामान्यतः १६६९ ते १७२९ असा मानला जातो. बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने १७१३ मध्ये ते शाहू छत्रपतींच्या पक्षात आले व सरखेल या पदावर त्यांना मान्यता मिळाली. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी ही त्यांच्या सत्तेची ठाणी होती. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, न घेतल्यास जहाज जप्त होईल, असा त्यांचा नियम होता.

हा नियम मराठ्यांनी नव्याने काढलेला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ या नावाचा परवाना सक्तीने देत आले होते. इंग्रज कंपनीही पास देत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले असून, कौल घेतलेल्या व्यापारी जहाजांना उपद्रव होऊ नये, असा दंडक आहे. त्यामुळे आंग्र्यांच्या दस्तकामागे राज्यसत्तेची एक निश्चित कल्पना होती, असे म्हणता येते.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली. तीत कारवारच्या वखारप्रमुखाची पत्नी कॅथरिन चाऊन होती. ३०,००० रुपये घेऊन तिची सुटका करण्यात आली आणि १७१३ मध्ये कंपनीशी करार झाला. तो फार काळ टिकला नाही. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना आंग्र्यांचा फारसा आक्षेप नव्हता. परंतु इंग्रजांचे निशाण व पास घेऊन जाणाऱ्या इतर व्यापाऱ्यांच्या मालालाही तीच सवलत मिळावी, हा इंग्रजांचा आग्रह त्यांना मान्य नव्हता. वाद लुटीचा असण्यापेक्षा कोणाचा परवाना कोणाच्या मालाला लागू पडतो, याचा होता.

गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर व १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर स्वाऱ्या केल्या. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नौदलातील कमोडोर मॅथ्यूज याच्या साहाय्याने इंग्रज व पोर्तुगीज यांनी कुलाब्यावर संयुक्त हल्ला केला. या सर्व मोहिमा अयशस्वी ठरल्या. ज्याच्याशी करार केला व ज्याच्याविरुद्ध राजाचे नौदल उतरविले, त्याला केवळ चाचा म्हणणे विसंगत होते. तरीही १७३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेमेंट डाउनिंगच्या ग्रंथापासून १९०७ च्या कर्नल बिडल्फच्या ‘द पायरेट्स ऑफ मलबार’ या ग्रंथापर्यंत हीच संज्ञा रूढ राहिली. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांच्या लेखनाने कान्होजींच्या राजकीय भूमिकेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. लोकप्रिय माध्यमांत मात्र जुनी प्रतिमा टिकून आहे. २००७ मधील ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतील चित्रपटात ‘सुंभाजी आंग्रिया’ नावाचा हिंदी महासागराचा चाचा-सरदार दाखविला आहे.

याचा अर्थ आंग्र्यांच्या सर्व कृतींचे समर्थन करावे, असा नाही. दस्तकाच्या सक्तीचा भार भारतीय व्यापाऱ्यांवरही पडत होता. ज्या व्यापाऱ्याचा माल जप्त झाला, त्याच्या दृष्टीने पोर्तुगीज, इंग्रज व मराठे यांच्यातील फरक किती उरत असेल, हा प्रश्न रास्त आहे. ‘चाचे’ हा शिक्का नाकारताना ‘राष्ट्रवीर’ हा दुसरा शिक्का विनाचिकित्सा मारणे हेही इतिहासाला धरून होणार नाही.

तुळाजी आंग्रे आणि लुटीची वाटणी

तुळाजी आंग्रे यांचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचे आहे. १७५५ मध्ये पेशवे नानासाहेब व मुंबईकर इंग्रज यांच्यात तुळाजींविरुद्ध करार झाला. त्याच वर्षी कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग जिंकला आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांची मालमत्ता मिळाली. तिच्या वाटणीचे प्रमाण इंग्रज अधिकाऱ्यांनी मोहिमेपूर्वीच मुंबईत ठरविले होते. ही रक्कम त्यांनी आपसांत वाटून घेतली व पेशव्यांच्या वाट्याला काही आले नाही.

‘पायरेट्स!’ या खेळात प्रत्येक सफरीच्या अखेरीस खलाशांमध्ये लुटीची वाटणी होते. विजयदुर्गावर चाच्यांचा बंदोबस्त करण्यास आलेल्यांनी नेमके हेच केले. फरक इतकाच, की त्यांच्या वाटणीला लष्करी बक्षिसाचे कायदेशीर नाव होते. पुढे विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनजवळ सुवर्णदुर्गाच्या नावाचा मनोरा उभारण्यात आला. येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. कान्होजींच्या दस्तकामागे छत्रपतींची मान्यता होती. तुळाजींनी पेशव्यांची सत्ता जुमानली नाही आणि मराठी राज्यानेच त्यांच्यामागचा आधार काढून घेतला. परवाना देणारी सत्ता बाजूला झाल्यावर सरखेलालाही चाचा ठरविणे सोपे झाले.

खेळाच्या मर्यादा

खेळाने परवान्याचे राजकारण अचूक पकडले असले, तरी त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा म्हणजे परवाना देण्याचा अधिकार केवळ चार युरोपीय राजसत्तांना आहे. कॅरिबियन बेटांचे मूळ रहिवासी त्यात स्वतंत्र सत्ता म्हणून येत नाहीत. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. साखर हा खेळातील एक व्यापारी माल आहे. परंतु ती साखर पिकविणारे आफ्रिकी गुलाम व त्यांचा व्यापार मालाच्या यादीत नाहीत. लुटीचा हिशेब ठेवणारा खेळ त्या काळातील सर्वांत मोठ्या लुटीविषयी बोलत नाही.

तिसरी मर्यादा भूगोलाची आहे. खेळातील वारा मुख्यतः पूर्वेकडून वाहतो, कारण कॅरिबियन समुद्रावर व्यापारी वाऱ्यांचा प्रभाव असतो. कोकण किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात जहाजे नांगरून किंवा ओढून ठेवावी लागत. आंग्र्यांच्या आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे व त्यांहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत नेत आणि मोठ्या युरोपीय जहाजाच्या मागील बाजूने मारा करीत. कॅरिबियनचे नियम जसेच्या तसे येथे लावता येत नाहीत.

मराठवाड्याचा अनुभव

परवाना व नामकरण यांचा हा प्रश्न केवळ समुद्रापुरता नाही. निजामी राजवटीतील मराठवाड्याने तो जमिनीवर अनुभवला आहे. नांदेड-परभणी भागातील हटकर नाईकांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या सत्तेला आव्हान दिले. जानेवारी १८१९ मध्ये नव्हा येथील नोवसाजी नाईक यांचा किल्ला मेजर पिटमनच्या हाताखालील फौजेने वेढा देऊन घेतला. त्या फौजेतील पलटणींना ‘नोव्हा’ हा रणसन्मान मिळाला. विजेत्यांच्या निशाणावर जी लढाई सन्मान म्हणून कोरली गेली, ती त्यांच्याच कागदांत बंडाचा बीमोड म्हणून नोंदली गेली.

दुसरे उदाहरण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात सरहद्दीवरील केंद्रांतून सशस्त्र प्रतिकार झाला. जानेवारी १९४८ मध्ये आजच्या नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला व मिळालेली रक्कम लढ्याच्या कामी लावली. निजाम सरकारच्या कायद्याने तो दरोडा होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तीच घटना मुक्तिसंग्रामाच्या गौरवशाली इतिहासात समाविष्ट झाली. परभणी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांत या काळाच्या आठवणी जपलेल्या आहेत. त्यामुळे ‘चाचा की सरखेल’ हा प्रश्न समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्यालाही परका राहत नाही. ‘दरोडेखोर की स्वातंत्र्यसैनिक’ या रूपात तो त्याच्या घरापर्यंत आलेला असतो.

अध्यापनातील उपयोग

पदवी वर्गात या खेळाचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येईल.

प्रथम, विद्यार्थ्यांच्या गटाने एक सफर खेळून तिची रोजनिशी ठेवावी. प्रत्येक हल्ल्याच्या वेळी हाती कोणाचा परवाना होता व गव्हर्नरने त्या कृतीला काय म्हटले, याची नोंद करावी. नंतर त्याच हल्ल्याची हकिकत पराभूत पक्षाच्या बाजूने लिहावी. एका घटनेची दोन साधने कशी तयार होतात, हे यातून व्याख्यानाशिवाय समजते.

दुसरे, खेळातील अक्षांश काढण्याच्या रीतीचा भूगोलाशी संबंध जोडता येतो. परभणी सुमारे १९ अंश १६ कला उत्तर अक्षांशावर आहे आणि कुलाबा किल्ला १८ अंश ३८ कलांच्या आसपास आहे. कॅरिबियनमधील हिस्पानिओला बेट याच पट्ट्यात येते. सारख्या अक्षांशावरील दोन समुद्रांत वारे वेगळे का, या प्रश्नातून मोसमी वाऱ्यांचे आरमारी महत्त्व शिकविता येईल.

तिसरे, या खेळाचा कोकणी अवतार करावयाचा झाल्यास कोणते नियम बदलावे लागतील, याचा आराखडा विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. परवाना देणाऱ्या सत्ता कोणत्या, दस्तक नाकारल्यास काय होईल, पावसाळ्यात आरमार काय करील, हे ठरविण्यासाठी त्यांना संदर्भग्रंथ उघडावेच लागतील. त्यासाठी ग्रंथालयात सेन यांचे ग्रंथ व ‘आज्ञापत्रा’ची संपादित प्रत असणे आवश्यक आहे. या साधनांची जोड नसेल, तर खेळ केवळ करमणूक राहील.

निष्कर्ष

१. ‘पायरेट्स!’ या खेळात चाचेगिरी ही कृतीची जात नसून कृती आणि राजसत्ता यांच्यातील संबंध आहे. ड्रेक, मॉर्गन व किड यांच्या इतिहासातून या मांडणीस पुष्टी मिळते.

२. आंग्रे व इंग्रज यांच्यातील संघर्ष हा दोन परवान्यांचा, म्हणजेच दोन सार्वभौमत्वांचा संघर्ष होता. इंग्रजांनी लावलेली ‘चाचे’ ही संज्ञा या संघर्षातील एक शस्त्र होती.

३. तुळाजींचा पाडाव दाखवितो, की स्वकीय सत्तेने पाठिंबा काढून घेतल्यावर परकीयांनी दिलेले नाव अधिक सहज रुजते.

४. खेळ युरोपकेंद्री आहे व गुलामगिरीविषयी मौन बाळगतो. म्हणून त्याचा उपयोग चिकित्सेसह व मूळ साधनांच्या जोडीनेच केला पाहिजे.

५. नव्हा व उमरी येथील घटनांमुळे हा विषय परभणी परिसरातील विद्यार्थ्यांच्या अनुभवविश्वाशी जोडता येतो. इतिहासाच्या कोणत्याही कागदावर ‘चाचा’, ‘बंडखोर’ किंवा ‘दरोडेखोर’ हा शब्द आढळला, तर तो कागद कोणाच्या दप्तरातून आला आहे, हे विद्यार्थ्याने प्रथम विचारावे. ही सवय लागणे हे आरमाराच्या तारखा पाठ होण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.